रेषा मोजणारे रसिक

मोठ्या आकाराच्या रंगीत छायाचित्राला नाक लावून 'केवढा हा तपशील!' म्हणून थक्क होणारा प्रेक्षक आम्हांला मात्रा मोजून काव्य सापडल्याचे जाहीर करणाऱ्या परीक्षकाचा सख्खा भाऊ वाटतो.

तपशील निरर्थक असतो, असे आमचे म्हणणे नाही. स्टीफन शोर यांनी २१ जून १९७५ रोजी लॉस एंजेलिसमधील बेव्हर्ली बुलेव्हार्ड आणि ला ब्रेआ अव्हेन्यूचा चौक ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हवर टिपला. पेट्रोलपंपाच्या पाट्या, खांब, मोटारी, सारे सारख्याच स्पष्टतेने समोर येते. नायकपद कोणालाच नाही. वाट नजरेनेच शोधायची. येथे स्पष्टता हाच आशय आहे. पण तेवढ्यासाठी शोर यांच्या निगेटिव्हने दिले तेवढे पुरेसे होते. त्यापुढची हाव कशासाठी?

शिवाय त्या हावेचे गणितही कच्चे आहे. जवळचे-दूरचे सगळे स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र एफ/४५ इतके लहान केले, की विवर्तनामुळे मिलिमीटरमागे सुमारे ३० रेषाजोड्यांपलीकडे काही उमटतच नाही. मग फिल्म किंवा सेन्सर कितीही सूक्ष्म असो. (विकणारे हे सांगत नाहीत, घेणारे विचारत नाहीत.)

आणि या साऱ्या मोजणीत रंग कोठे गेला? विल्यम एगल्स्टन यांचे गाजलेले काम बहुतेक ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचे. १९७३ मधल्या त्यांच्या लाल छताच्या चित्रात एक उघडा दिवा आहे, पांढऱ्या तारा आहेत आणि डाय-ट्रान्स्फर छपाईने रक्तासारखा दाटलेला लाल आहे. मिलिमीटरमागे किती रेषा, हे तेथे कोणी विचारून दाखवावे.