मॅन्लेचं नाव घेता, तर पुरं घ्या

दोस्तांनो, जमैकाच्या मायकेल मॅन्लेचे गोडवे गाताय? गा. पण अर्धे नकोत.

ऊसमळ्यातल्या, बॉक्साइट खाणीतल्या कामगारांत युनियनचं काम केलेला हा माणूस १९७२ साली पंतप्रधान झाला. १९७४ला त्यानं अमेरिकी-कॅनेडियन बॉक्साइट कंपन्यांवर जबर कर बसवला. १९७६च्या कायद्यानं पोरांच्या कपाळावरचा 'अनौरस' हा शिक्का पुसला. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध जगभर बोलला. १९७८ला संयुक्त राष्ट्रांनी सुवर्णपदक दिलं.

पण तेल महागलं, कर्ज चढलं. १९७७ला त्यानं नाणेनिधीचा उंबरा चढला. १९८०ला लोकांनी घरी बसवलं. १९८९ला परतला, तो खुल्या बाजाराची भाषा बोलत!

सावकार तोच राहिला, कुळानं जबान बदलली. पहिल्या मॅन्लेला सलाम करा. दुसऱ्याला जाब विचारा.