शब्द पाठ आहेत, पण वाक्य कुणाचं?

बंगळुरूच्या सिलेक्शन सेंटर साउथला एसएसबीसाठी येणारी मराठी मुलं कुणाच्या तरी ओळखीने आमच्या होसकोट्याच्या घरी एखादी रात्र मुक्काम करतात. कुणी युनिटमधल्या हवालदाराचा भाचा, तर कुणी गावाकडच्या मित्राचा मुलगा. जवळजवळ प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक वही असते. तिच्यात तीन रकाने आखलेले असतात: इंग्रजी शब्द, मराठी अर्थ आणि उदाहरणाचं वाक्य. अक्षर नेटकं, मेहनत खरी. तरीही माझं मत स्पष्ट आहे. ही वही भरण्याची आपली पद्धत उलटी आहे, आणि त्याचा फटका खेड्यातल्या, मराठी माध्यमातल्या मुलाला सगळ्यात जास्त बसतो.

शब्द पाठ करूच नयेत असं मी म्हणत नाही. एनडीएच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 200 गुण इंग्रजीचे आहेत. समानार्थी, विरुद्धार्थी, रिकाम्या जागा हे सगळं तिथे येतं आणि शब्दसंग्रह नसेल तर ते गुण जातात. पण वहीचा उपयोग बहुतेक तिथवरच आहे. पुढे एसएसबीत शब्दांची एक चाचणी असते. पडद्यावर एकामागून एक 60 शब्द येतात. प्रत्येकासाठी 15 सेकंद. तेवढ्यात शब्द वाचायचा आणि मनात पहिल्यांदा जे येईल त्याचं वाक्य लिहायचं. इथे मुलं तिसऱ्या रकान्यातलं पाठ वाक्य उतरवतात. शूर सैनिक देशाचं रक्षण करतात, कष्टाने यश मिळतं, एकीत बळ आहे. वाक्यं चांगली आहेत, चूक एकही नाही. फक्त ती कुणाचीच नाहीत. क्लासच्या एकाच झेरॉक्सवरून शंभर मुलांनी तीच पाठ केलेली असतात. ज्या चाचणीत तुमचं मन दिसायला हवं, तिथे झेरॉक्स दिसते.

आता त्या वहीचा दुसरा रकाना पाहू. एका शब्दाला एक अर्थ, हा हिशेब भाषेत कधी जुळत नाही. होसकोट्यात राहून 'कंपनी' हा एकच शब्द घ्या. इथल्या औद्योगिक पट्ट्यात सकाळच्या शिफ्टला निघालेल्या माणसाची कंपनी म्हणजे कारखाना. माझी कंपनी म्हणजे शंभराहून जास्त जवान. 'आय एन्जॉय हिज कंपनी' म्हटलं की तीच कंपनी सोबत होते. आणि 1768 च्या ऑगस्टमध्ये याच होसकोट्याजवळ मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीच्या फौजेने रात्री छापा घातला, तेव्हा मुरारराव ज्यांच्या बाजूने लढत होते ती कंपनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. वहीत यापैकी कोणता अर्थ लिहाल? अर्थ शब्दात नसतो, तो वाक्यात ठरतो.

आपल्या भाषेत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, फोन लागतो आणि नशीब असेल तर नोकरीही लागते. 'लागणे'चा अर्थ कुणी विचारला तर आपण अर्थ सांगत नाही, वाक्य सांगतो.

हे ज्याने नीट ओळखलं तो माणूस फौजीच होता, याचा मला थोडा अभिमान वाटतो. कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ, कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी या दोघा भावांची त्याला साथ होती आणि मराठी पंडितांची मोठी मदत. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 मध्ये. इंग्रजी-मराठी कोश 1847 चा, म्हणजे नंतरचा. आधी त्याने इथल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा केले. कोश उघडलात तर शब्दाखाली अर्थाबरोबर म्हणी सापडतात, वाक्प्रचार सापडतात, तो शब्द कुठे आणि कसा वापरतात तेही सापडतं. कंपनी सरकारशी आपलं भांडण जरूर आहे. पण या माणसाची कामाची रीत घेण्यासारखी आहे: शब्द बोलणाऱ्याच्या आयुष्यातून उचलायचा आणि मग त्याला इंग्रजी शोधायचं.

आमची मुलं नेमकं उलट करतात. गेल्या वर्षी सांगलीकडचा एक मुलगा आला होता. मी त्याची वही चाळली. 'लॅकोनिक' विचारलं, धाडकन उत्तर आलं. 'ऑप्युलंट' विचारलं, तेही आलं. मग म्हटलं, "घरी काय चाललंय, ते इंग्रजीत सांग." तो म्हणाला, "सर, फादर फार्मर." आणि थांबला. यंदा उसाला वेळेवर तोड मिळाली नाही, पावसात बांध फुटला, परवाच गाय व्याली, हे सगळं त्याने मला नंतर मराठीत इतकं नेमकं सांगितलं की मी ऐकत राहिलो. इंग्रजीत यातलं एकही वाक्य त्याच्याकडे नव्हतं, कारण वहीत ऊस नव्हता, बांध नव्हता, गायही नव्हती. एसएसबीच्या मुलाखतीत मुलाला त्याच्या घराबद्दल, गावाबद्दल, मित्रांबद्दल, शाळेबद्दलच विचारतात. 'लॅकोनिक' कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे बांधाला जो 'बंड' शब्द आहे, तो इंग्रजांनी इथूनच नेला. आपलाच माल, आणि तो मागताना आपली जीभ अडखळते.

अशा वेळी मुलगा स्वतःबद्दल काय ठरवतो, याची मला खरी काळजी वाटते. आपल्याला इंग्रजी येत नाही, म्हणजे आपण कमी, असं तो धरून चालतो. तो कमी नसतो. नेतृत्व, धीर, समज, सगळं त्याच्या त्या मराठी बोलण्यात होतं. ते दुसऱ्या भाषेत पोचवणारी वाक्यं त्याच्याकडून कुणी करून घेतली नव्हती, एवढंच.

यावर मुलं म्हणतात, "सर, गावात इंग्रजी बोलायला आहे कोण?" प्रश्न रास्त आहे. पण वाक्य करायला समोर माणूस लागतोच असं नाही. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलं. पुस्तकातलं मराठी वाक्य वाचायचं, त्याचं इंग्रजी आपण करायचं. समोर साहेब बसलेला नव्हता. वाक्यं पुस्तकाची होती ही त्यातली उणीव, पण वाक्य जुळवायचे कष्ट विद्यार्थ्याचे होते. आजच्या तयार वहीत ते कष्टच गायब झाले आहेत.

फौजेत आम्ही भाषा अशाच शिकतो. मराठा लाइट इन्फंट्रीत आलेला पंजाबी किंवा मल्याळी अधिकारी काही महिन्यांत मराठी बोलू लागतो. जवानाची रजा, त्याच्या पायाला आलेले फोड, घरचा जमिनीचा तंटा, हे त्याला जवानाच्या भाषेत समजून घ्यावं लागतं. बंगळुरूत येणारा प्रत्येक माणूसही पहिलं कन्नड असंच शिकतो: 'स्वल्प ॲडजस्ट माडी'. 'माडी' ऐकून मराठी माणूस क्षणभर वर मजला शोधतो, पण बसमध्ये सरकून जागा मिळाली की अर्थ कायमचा पक्का होतो.

म्हणून माझं सांगणं असं. वही ठेवा, पण डाव्या रकान्यात मराठी लिहा. रोज तुमच्या दिवसातले पाच शब्द घ्या: पाणंद, गोठा, उधारी, एसटीचा पास, आजीचा मोतीबिंदू. कोशात त्यांना इंग्रजी शोधा. मग प्रत्येकाची तीन वाक्यं करा, एक घरातलं, एक गावातलं, एक स्वतःच्या मताचं. ती मोठ्याने म्हणा. व्याकरण चुकलं तर शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना किंवा बाईंना आठवड्यातून एकदा दाखवा. विचारणाऱ्या मुलाला शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. परीक्षेच्या यादीतले शब्दही याच पद्धतीने घ्या. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, एवढ्यावर थांबू नका. कोण, कशाला, कधी नाखूश होतं? वडील बैल विकायला नाखूश होते, असं लिहिलंत की तो शब्द तुमचा झाला. मग 15 सेकंदही पुरतात, कारण आठवायचं काही उरत नाही, फक्त सांगायचं उरतं.

एसएसबीला अजून सहा महिने असतील तर एवढा वेळ भरपूर आहे. महिनाच उरला असेल तरी हेच करा, फक्त शब्द निम्मे घ्या. आणि होसकोट्याला आलात तर वही जरूर दाखवा. मी तिसरा रकाना आधी वाचेन.