घायपातावरील सोंड्या भुंगा : कीड येते रोपांसोबत

मूळ मेक्सिको व अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील काळा सोंड्या भुंगा शोभेच्या घायपाताच्या (अगेव्ह) रोपांतून देशोदेशी पोहोचला. २००६-०७ च्या सुमारास तो इटली आणि स्पेनमधील बागांत आढळला. टांझानियात याच किडीने धाग्यासाठी लावलेल्या सिसलचे नुकसान केले. म्हणजे धोका कुंडीपुरता नाही. आपल्या बांधावरचा घायपातही याच वंशातला आहे.

मादी पानांच्या बुडाशी अंडी घालते. अळ्या गाभा पोखरतात, त्यातून जिवाणू शिरून कूज होते. नारळावरील सोंड्याप्रमाणेच इथेही झाड कोलमडेपर्यंत कीड लक्षात येत नाही. अळी आत असल्याने वरच्या फवारणीचा उपयोग कमी. त्यामुळे खरी लढाई रोप घेतानाच असते.

काय करावे?

• परदेशी रोपे आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय घेऊ नयेत.
• नवी रोपे काही आठवडे वेगळी ठेवावीत. बुडाशी छिद्रे, मऊपणा, कुजका वास तपासावा.
• बाधित झाड मुळासह काढून चिरावे, अळ्या-भुंगे मारावेत, अवशेष खोल गाडावेत. कंपोस्टमध्ये टाकू नयेत.
• संशयित भुंगा बंद बाटलीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.