ठेकेदार बदलायचा हक्क

साइटवर आपली पोरं म्हणतात, "सरकारने बाजूला व्हावं, माणूस आपलं बघून घेईल." कावासाकीत सुपरवायझर म्हणून काम करताना मला हे अर्धंच पटतं.

टेक्निकल इंटर्न म्हणून आलात तर मनाने ठेकेदार बदलता येत नाही. ही गाठ 1993 मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेनेच मारलीय. छळ झाला तर बदलून मिळतं म्हणे, पण छळ दाखवायचा कसा, तोही जपानीत? आणि जो "चाललो" म्हणू शकत नाही, त्याच्याशी ठेकेदार नीट कशाला बोलेल?

जून 2024 मध्ये जपानच्या संसदेने नवा कायदा केला. एप्रिल 2027 पासून 1 ते 2 वर्षं काम झालं, भाषेची आणि कामाची परीक्षा पास झालात, की त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. राजीनामा द्यायला परीक्षा! आपल्याकडे कुणी ऐकलंय?

तरी सरकार नकोच, असं मी म्हणणार नाही. इंटर्नचा पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवायचा नाही, ही बंदी नोव्हेंबर 2017 पासून कायद्यानेच आली. ठेकेदाराने आपणहून कधी दिला असता?

तुमचा पासपोर्ट आत्ता कुणाच्या कपाटात आहे?