टाकी, होडी आणि काकूंचा ओटा

तर झालं असं. २०२५च्या मे महिन्यात मी देवगाव फाट्याला काकूंकडे होतो. टीव्हीवर बातमी चालू होती. नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना आणि रूपा, 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून जगाला वळसा घालून २९ मे रोजी गोव्यात परत आल्या होत्या. निघाल्या होत्या २ ऑक्टोबर २०२४ला. आम्ही सगळे लाटा बघत होतो. काकूंनी मात्र विचारलं, "आन् ह्या पोरी सैपाक कशावर करायल्या? टाकी संपली तर मधी समुद्रात कोन आनून देतंय?"

सगळे हसले. पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. फाट्यावरून समुद्र गाठायचा तर चारशेवर किलोमीटर जावं लागतं, आम्हाला काय कळणार! नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना आणि मी दूरवर नौका नेणाऱ्यांचे अनुभव वाचत सुटलो. काकूंनी अगदी मुद्द्याचं विचारलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

गोवा ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल हा पहिलाच टप्पा. तिथे तारिणी ९ नोव्हेंबरला पोचली, म्हणजे सव्वा महिन्याहून जास्त काळ वाटेत ना दुकान ना एजन्सी. दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हाही तेच. (या दोन्ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या, बरं का.)

अशा लांबच्या प्रवासात मोजमापाशिवाय भागत नाही. दोन माणसांचा साधा स्वयंपाक असेल तर साडेचार किलोची टाकी साधारण महिनाभर पुरते. म्हणून ही मंडळी टाकी हलवून अंदाज घेत नाहीत, काट्याला अडकवून वजन करतात. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच कोरलेलं असतं. ते वजा केलं की झालं. डाळ-भात प्रेशर कुकरमध्ये, एकदा उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. कुकर तिथे दुहेरी कामाचा: गॅस वाचतो आणि नौका कलंडली तरी झाकण पक्कं राहतं.

खरी पंचाईत परदेशातल्या बंदरात. टाकी भरून घ्यायला जावं तर तिथल्या नळीचं तोंड आपल्या टाकीला बसत नाही. युरोपात कँपिंग गॅझच्या निळ्या टाक्या, त्यांची मोठी टाकी पावणेतीन किलोची. ऑस्ट्रेलियात जुन्या टाक्यांना उलट्या आट्यांचा जोड, आणि हल्ली तिथेही नवा जोड आला आहे. ब्रिटनमध्ये ब्युटेनचा रेग्युलेटर २८ मिलिबारचा, प्रोपेनचा ३७चा. आपल्या घरचा साधारण ३०चा. त्यामुळे जोडण्यांची एक पिशवीच जवळ ठेवावी लागते. शिवाय तपासणीची मुदत संपलेली टाकी कुणी भरून देत नाही. ऑस्ट्रेलियात ही मुदत १० वर्षांची. थंडीची गंमत वेगळीच. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, प्रोपेन उणे ४२पर्यंत तग धरतो. दक्षिणेकडच्या गारठ्यात टाकी भरलेली असूनही शेगडी पेटेनाशी होऊ शकते!

पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. नौकेचा तळ म्हणजे चारी बाजूंनी बंद भांडं. तिथे साचलेल्या गॅसला एक ठिणगी पुरते. म्हणून नौकेत टाकीसाठी स्वतंत्र कप्पा असतो. तो आतल्या भागापासून पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला थेट बाहेर, समुद्रावर उघडणारं भोक. वास ओळखणारं यंत्र बसवतात तेही खाली, तळाशी. आणि प्रत्येक चहानंतर गॅस शेगडीपाशी नाही, टाकीपाशी बंद करतात. प्रत्येक चहानंतर!

हे वाचताना काकूंचा नवा ओटा डोळ्यांसमोर आला. जुन्या घरात टाकी उघड्यावर, ओट्याशेजारी उभी असायची. नव्या घरात ती ट्रॉलीच्या कपाटात गेली. गुळगुळीत दार, खाली फरशीला टेकलेली पट्टी, कुठेही फट नाही. पाहुण्यांना टाकी दिसू नये म्हणून. त्या दिवाळीत तिथेच नळीला बारीक चीर पडली. सकाळी दार उघडलं तेव्हा वासाचा भपकारा आला. रात्रभर उभ्या माणसाच्या नाकाला काही जाणवलं नव्हतं, सगळं खाली साचलं होतं. काकूंनी दिव्याचं बटण दाबलं नाही, रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना अंगणात काढलं. म्हणून आज हे लिहितोय. (गळती झाली तर बाहेर जाऊन १९०६ हा नंबर लावायचा, तो पाठ करून ठेवा.)

माझं म्हणणं एवढंच, की आपण घराघरांत नौकेचा तळ बांधतोय, फक्त समुद्रावर उघडणारं भोक तेवढं विसरतोय. टाकी दिसली तर कमीपणा कसला? आणि टाकी कपाटातच हवी असेल तर दाराला अगदी खाली जाळी ठेवा. वरची खिडकी वाफेसाठी आहे, या गॅससाठी नाही. झोपताना रेग्युलेटर बंद करायला वाकावं लागतं, पाठ दुखते, मान्य. पण हेलकावणाऱ्या नौकेत माणसं दिवसातून पाच वेळा हे करतात.

काकूंनी सुताराला बोलावून दाराच्या खालची वीतभर पट्टी काढली आणि तिथे जाळी ठोकून घेतली. सुतार म्हणाला, शोभा गेली. काकू म्हणाल्या, "जाऊ दे. घर ऱ्हायलं."

असो. आज रात्री झोपण्याआधी एकदा वाकून बघा.