भिंतींवर कामगार कोठे आहे?

पिंपरी-चिंचवडमध्ये हौसेने पायी हिंडणारा माणूस विरळाच. दापोडीपासून निगडीपर्यंतचा जुना पुणे-मुंबई रस्ता हा पाळीची वेळ गाठणाऱ्यांचा रस्ता आहे. तेथे रमतगमत चालण्याची चैन कोणाला परवडणार? तथापि एखाद्याने ती केलीच, तर या नगरीला आपल्या भिंतींची अलीकडे फारच काळजी वाटू लागली आहे, हे त्याच्या ध्यानात आल्याखेरीज राहणार नाही. पुलांचे खांब, शाळांची कुंपणे, नाल्यांचे कठडे रंगांनी नटले आहेत. फुलपाखरे आहेत, वारकरी आहेत, गडकोट आहेत, ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे उपदेश आहेत. 2016 सालापासून केंद्र सरकारने शहरांच्या स्वच्छतेची वार्षिक परीक्षा सुरू केली आणि देशभरच्या नगरपालिकांना भिंती रंगविण्याचा उत्साह आला. ही नगरीही त्याला अपवाद नाही.

रंगाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पानाच्या पिचकाऱ्यांनी बरबटलेल्या कोपऱ्यावर कोणी चित्र काढले आणि रात्रपाळीहून परतणाऱ्याच्या डोळ्यांना ते सुखावून गेले, तर त्यात नाक मुरडण्यासारखे काय आहे? सौंदर्य ही श्रीमंतांच्या दिवाणखान्याची मिरास नव्हे, हे तर समाजवाद्यांनीच प्रथम म्हणावयास हवे. प्रश्न निराळा आहे. ज्या नगरीचा जन्मच कारखान्याच्या भोंग्यातून झाला, तिच्या या चित्रसंभारात कारखाना कितीसा दिसतो? आणि त्यात राबणारा माणूस?

1954 साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन या देशात, जनतेच्या मालकीच्या कारखान्यात, तयार होऊ लागले. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पाठोपाठ टेल्को आली, बजाज आली, त्यांना सुटे भाग पुरविणारी शेकडो लहान वर्कशॉपे आली. मराठवाडा, खानदेश, सोलापूर येथून आणि पुढे उत्तर हिंदुस्थानातून माणसे आली. 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका झाली. आता तोच पसारा चाकणच्या पलीकडे गेला आहे. एवढी मोठी कहाणी या भूमीवर घडली. चित्रकाराला याहून मोठा विषय तो कोणता हवा?

नगरीला स्मृती नाही असे मात्र नव्हे. निगडीला शिवराय आणि तुकोबा यांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्प आहे, आणि देहूहून निघालेली पालखी पहिल्या मुक्कामाला आकुर्डीला थांबते, त्या वाटेवर ते शोभतेही. चिंचवडला चापेकर बंधूंचे स्मारक आहे. पिंपरीच्या चौकातील बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी 14 एप्रिलला जो जनसागर लोटतो, त्याने तो पुतळा खऱ्या अर्थाने सार्वजनिक केला आहे. पण 1988-89 साली टेल्कोच्या कामगारांचा जो दीर्घ लढा झाला, सप्टेंबर 1989 मध्ये शनिवारवाड्यासमोर त्यांनी जे उपोषण केले आणि पोलिसांनी रातोरात ते मोडून काढले, त्याची खूण या नगरीने कोठे जपली आहे? त्या लढ्याच्या नेतृत्वाविषयी, डावपेचांविषयी मतभेद जरूर असावेत. परंतु मतभेद होण्याकरिता तरी आठवण शिल्लक असावी लागते.

या पट्ट्याला डेट्रॉईटची उपमा देण्याची हौस उद्योगपतींना आणि मंत्र्यांना फार. त्यांनी डेट्रॉईटचे एक प्रकरण वाचावे. मार्च 1932 मध्ये फोर्डच्या कारखान्यावर चालून गेलेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे ठार झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच मेक्सिकोचा साम्यवादी चित्रकार दिएगो रिव्हेरा त्या शहरात आला. त्याने कारखान्यात महिनोन्‌महिने हिंडून यंत्रे आणि माणसे न्याहाळली आणि तेथील कलासंग्रहालयाच्या भिंतींवर मोटारीच्या इंजिनाशी झुंजणारे कामगार रंगविले. पैसा खुद्द एडसेल फोर्डचा होता! 1933 साली ती चित्रे खुली होताच सनातन्यांनी ती पुसून टाकण्याची मागणी केली, चित्रे टिकली. भांडवलदाराच्या पैशाने रंगलेल्या भिंतीवर जे घडू शकले, ते करदात्यांच्या पैशाने रंगलेल्या भिंतीवर का घडू नये?

याचे उत्तर भिंत कोणाची, या प्रश्नात आहे. 1995 च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण हा गुन्हा ठरला. त्याचा हेतू वाईट नव्हता; निवडणुकांत पक्षांनी, यात आपणही आलो, भिंतींची जी दशा केली होती ती कोणालाही भूषणावह नव्हती. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की गेटसभेची हाक चुन्याने लिहिणारा कंत्राटी कामगार गुन्हेगार ठरतो, आणि परवाना मिळवून टोलेजंग फलकावर घरे विकणारा बिल्डर प्रतिष्ठित नागरिक राहतो. मार्च 2022 पासून तर प्रदीर्घ काळ पालिकेवर निर्वाचित सभागृहच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. 74व्या घटनादुरुस्तीने सांगितलेल्या प्रभाग समित्यांत भिंतीचा विषय निघावा कसा? चित्रे कंत्राटाने निघतात, चौरस फुटाच्या हिशेबाने. वारली आकृत्याही अशाच सर्वत्र छापल्यासारख्या उमटतात. लग्नचौक लिहिणाऱ्या ज्या आदिवासी स्त्रियांच्या हातून ती कला आली, त्यांची कोणाला आठवणही होत नाही.

आणि रंगविणाऱ्याचे नाव? याच रस्त्याने लोणावळ्याकडे जाताना कार्ल्याचे चैत्यगृह लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडात दात्यांची नावे कोरलेली आहेत; धेनुकाकटाच्या सामी नावाच्या एका सुताराचेही नाव तेथे आहे, ज्याने दरवाजाचे काम केले. राजेराजवाड्यांच्या काळात सुताराचे नाव दगडावर राहू शकले. पिंपरीच्या रंगीत खांबाखाली मात्र बहुधा पालिकेचे बोधचिन्ह असते, कधी प्रायोजक कंपनीचे. उन्हात परातीवर उभे राहून ब्रश चालविणाऱ्या मुलाचे क्वचितच.

कार्यकर्त्यांनी ही मागणी किरकोळ समजू नये. प्रत्येक सार्वजनिक चित्राखाली चित्रकाराचे नाव आणि वर्ष असावे, त्याला किमान वेतनाहून कमी मजुरी मिळू नये, विषय प्रभागाच्या खुल्या सभेत ठरावा, आणि औद्योगिक वसाहतीतील काही भिंती कामगार संघटनांना जाहीरपणे, विनाशुल्क मिळाव्यात. भोसरीच्या आणि चाकणच्या वसाहतींतून कंत्राटी मुलांची वस्ती मोठी आहे. त्यांतील कित्येकांचे हात चित्रकलेत तरबेज असतात, हे गणपतीच्या देखाव्यांत दरवर्षी दिसते. पहिल्या भिंतीसाठी पेनिसिलिनच्या कारखान्याचे कुंपण मागावे. तेथे निवृत्त झालेले कामगार अजून आसपासच्या वसाहतींत राहतात. काय रंगवायचे, ते त्यांना विचारता येईल.