सायकलचा दिवा निवडताना



मागील सुटीच्या दिवशी आमच्या परिसरातील एक तरुण मला भेटावयास आला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तो कामाला असून दुसरी पाळी संपली की खानापूर रस्त्याने मच्छेच्या पुढे आपल्या गावी सायकलने परततो. त्याच्या हातात एक चकचकीत खोका होता व त्यावर ठळक आकड्यांत छापले होते : ‘१०,००० ल्युमेन’.

“फादर, दुकानात याहून मोठा आकडा नव्हता. आणला आहे पाहण्यापुरता. घेऊ ना हाच?” त्याने विचारले.

मी त्याला बसवून घेतले आणि प्रथम माझ्याच चुकीची गोष्ट सांगितली. तीच आज आपणासही सांगतो, कारण तिच्यापासून मला जो धडा मिळाला तो इतरांना फुकट मिळावा अशी माझी इच्छा आहे.

तीन वर्षांपूर्वी एका आजारी वृद्धाची भेट घेऊन मी रात्री सायकलने परतत होतो. नुकताच एक प्रखर दिवा घेऊन मी तो हँडलवर बसविला होता व त्याचा झोत सरळ समोर रोखलेला होता. दूरची झाडे दिसत म्हणून मी मनातून खूश होतो. इतक्यात समोरून एक गृहस्थ आपल्या लहान मुलीला कॅरियरवर बसवून आले. त्यांच्या सायकलला दिवा नव्हता. माझा उजेड डोळ्यांवर पडताच त्यांनी एक हात कपाळाशी नेला, सायकल डांबराखाली उतरली आणि बापलेक चरात पडली. मुलीचे मनगट मोडले. दवाखान्यात ते गृहस्थ मलाच समजावू लागले, “फादर, चूक माझी. माझ्याकडे दिवा नव्हता.” त्यांचे म्हणणे खरे होते, परंतु त्यायोगे माझी चूक तिळमात्र कमी होत नव्हती. त्यांच्याजवळ दिवा नव्हता आणि माझ्याजवळ होता तो मी नीट लावला नव्हता.

अंधारास सरावण्यासाठी मानवी डोळ्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि तो सराव एका झगझगीत झोताने क्षणात मोडतो. म्हणून दिवा घेताना एकच प्रश्न विचारून भागत नाही. मला वाट दिसेल काय, मी इतरांना दिसेन काय आणि माझ्यामुळे समोरच्याची वाट दिसेनाशी तर होणार नाही ना, हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, त्यानंतर सायकल थांबावयास आणखी पाच-सहा मीटर लागतात. म्हणजे समोरचा सुमारे १५ मीटर रस्ता स्पष्ट दिसलाच पाहिजे. पावसात भिजलेले ब्रेक उशिरा धरतात, म्हणून तेव्हा वेग उतरविणे हाच उपाय होय. ज्या रस्त्यावर नगरपालिकेचे दिवे आहेत तेथे शंभरएक ल्युमेनचा दिवा पुरतो. खेड्याच्या काळोख्या रस्त्यावर तीनशे ते पाचशे ल्युमेन पुष्कळ झाले.

मग खोक्यावरील दहा हजारांचे काय? ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे, तर लक्स हे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष पडणाऱ्या प्रकाशाचे. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. धान्याची रास कितीही मोठी असो, आपल्या ताटात किती पडले हे महत्त्वाचे. ती रास ल्युमेन, आणि ताटातले ते लक्स. शिवाय ती रास तरी खरी असावी! अशा दिव्यांत बहुधा १८ मिलिमीटर जाडीची व ६५ मिलिमीटर लांबीची लिथियम बॅटरी असते. उत्तम प्रतीच्या अशा एका बॅटरीत सुमारे १२ वॅट-तास इतकीच ऊर्जा मावते. एका वॅटमागे स्थूलमानाने शंभर ल्युमेन धरले, तर पाचशे ल्युमेनचा दिवा तिच्यावर दोन तासांहून थोडा अधिक चालेल. दहा हजार ल्युमेनला मात्र शंभर वॅट लागतील आणि ती बॅटरी सात मिनिटांत रिकामी होईल. त्या उष्णतेने मुठीएवढा दिवा हातात धरवणार नाही, ही गोष्ट वेगळीच. आमच्या तरुणाला घरी पोहोचावयास पाऊण तास लागतो. आकडा खोटा आहे हे त्याला कागद-पेन्सिल न घेताच उमगले.

एवढासा दिवा इतका प्रकाश देऊ लागला याचे श्रेय निळ्या एल.ई.डी.च्या शोधास आहे. त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या लहानपणी टायरला घासून फिरणारा सहा व्होल्ट, तीन वॅटचा डायनमो असे; चढावर दिवा मंदावे आणि सायकल थांबली की विझे. आजच्या चांगल्या डायनमो दिव्यात सायकल थांबल्यावरही काही मिनिटे उजेड टिकविण्याची सोय असते. ज्यांना रोज बॅटरी चार्ज करण्याचे भान राहत नाही त्यांनी तो अवश्य पाहावा.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण माझी चूक तेथेच झाली होती. विजेरीसारखा गोल झोत जितका रस्त्यावर तितकाच समोरच्याच्या तोंडावर पडतो. म्हणून जर्मनीत सायकलच्या दिव्यासंबंधी कायदाच आहे : मोटारीच्या दिव्याप्रमाणे झोताची वरची कडा कापलेली असावी आणि दिवा लुकलुकता नसावा. असा कापीव झोताचा दिवा मिळाल्यास दोन पैसे अधिक देऊनही घ्यावा. न मिळाल्यास आहे तो तरी नीट बसवावा. त्याची रीत सोपी आहे. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा व दिव्याच्या उंचीइतकी खूण भिंतीवर करा. दिवा जमिनीपासून मीटरभर उंच असेल, तर झोताचा सर्वांत उजळ भाग त्या खुणेच्या साधारण वीतभर खाली पडला पाहिजे. मग तो रस्त्यावर वीस मीटरच्या सुमारास टेकतो. आपली वाट दिसते आणि समोरच्याचे डोळे वाचतात.

दिवा कपाळावर बांधण्यापेक्षा हँडलवर वा त्याखाली लावणे बरे. डोळ्यांच्या रेषेतून आलेल्या उजेडात खड्ड्याची सावली दिसत नाही. उजेड खालून आला की ती सावली लांबते आणि खड्डा ओळखू येतो. धुक्यातही खालचाच दिवा कमी त्रास देतो. मात्र हँडलला पिशवी टांगून त्याच दिव्यासमोर पडदा धरू नये! आपल्याकडील पावसाचा विचार करून खोक्यावर ‘आय.पी.एक्स. ४’ किंवा त्याहून मोठा आकडा आहे ना, हेही पाहावे. चार म्हणजे चोहीकडून उडणारे पाणी सोसणारा.

राहिला दुसरा प्रश्न, इतरांस दिसण्याचा. त्याचे उत्तर पुढच्या दिव्यापेक्षा मागच्या तांबड्या दिव्यात अधिक आहे. मागचा रिफ्लेक्टर चांगलाच. पण त्यावर दुसऱ्याचा उजेड पडेल तेव्हाच तो बोलतो. उसाच्या हंगामात दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत व त्यांना नावेही ठेवली आहेत. आपली बिनदिव्याची सायकल मागून येणाऱ्यास तशीच असते.

तरुणाने तो खोका परत केला. चारशे ल्युमेनचा एक साधा दिवा आणि उरलेल्या पैशांत मागचा तांबडा दिवा त्याने घेतला. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर चर्चच्या आवारातील भिंतीपुढे आम्ही दोघांनी वीत मोजून तो बसविला.

त्या लहान मुलीचे मनगट आता पूर्ण बरे आहे. तिच्या वडिलांच्या सायकलला पुढे-मागे दिवे आहेत; ते मी स्वतः लावून दिले. तरीही रात्री समोरून कोणी येताना दिसले की माझा हात आपोआप दिव्याकडे जातो व झोत आणखी थोडा खाली झुकतो. ही सवय मला उशिरा लागली. आपण ती आजच लावून घ्यावी, एवढेच सांगणे आहे.